अर्ध्या किलोचा फरक

काल संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये कर्तव्यावर प्रवचन होतं. लाउडस्पीकरमुळे ते आमच्या गॅलरीतही ऐकू येत होतं. माझी भाची वैशाली तिथेच लॅपटॉप घेऊन बसली होती. औषधाचा डोस काढून देणारं सॉफ्टवेअर ती रुग्णालयांसाठी लिहिते. त्यात आपण वजन पूर्ण किलोतच धरलंय, हे तिला सकाळी आढळलं होतं. मोठ्या माणसाला त्याने काही होत नाही; पण अडीच किलोचं बाळ तीन किलोचं धरलं, तर औषध वीस टक्के जास्त जातं. मी दोनदा आकडा पडताळून पाहिला.

"साहेब म्हणतात, तक्रार आलेली नाही. पुढच्या महिन्यात गुपचूप दुरुस्त कर."

"मग?"

"मामा, तान्ही बाळं तक्रार कशी करणार?"

दुरुस्ती तिने केलीच होती. आता सगळ्या रुग्णालयांना ती चूक कळवत होती, खाली स्वतःचं नाव आणि मोबाईल नंबर घालून. यात नोकरीही जाऊ शकते, हे तिला ठाऊक होतं. बोट क्षणभर थांबलं, मग तिने पत्र पाठवून दिलं.

हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. प्रवचनांना माझा विरोध नाही, मीही पुष्कळ ऐकली आहेत. पण कुणालाच न दिसलेली चूक आपणहून दाखवणारं माणूस मी इतक्या जवळून प्रथमच पाहत होतो.

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"हो, चूक माझीच आहे," ती म्हणाली. "आधी बाळाचं वजन सांगा."