उकंडरावांचं लोखंड

धामणगाव बढ्याचे उकंडराव वांगी पिकवत आणि चाकू जमवत. पैकी वांग्यांना गिऱ्हाईक होतं.

चाकू म्हणजे खिशात मावणारे, एका मुठीत पाच-सहा पाती मिटवलेले. साहेबलोक देश सोडताना ते मागे टाकून गेले आणि चाकू खामगावच्या भंगारातून उकंडरावांच्या पेटीत आले. एकात बाटलीचं बूच काढायचा पीळ होता. घरात बाटली फक्त एरंडेलाची. दुसऱ्यात घोड्याच्या खुरातला खडा काढायचा आकडा, घोडा नव्हता. तरी उकंडराव पात्यांना तेल लावत बसत, आणि कुणी हात लावलाच, तर बोटाचा ठसा पुसल्याशिवाय पानावर बसत नसत.

मराठी मुलखाचं नवं राज्य झालं त्याच्या दुसऱ्या साली लेक पुष्पा बाळंतपणाला आली. नात झाली. सुईण सोजराबाई म्हणाली, "पोरीच्या गोधडीखाली लोखंड ठेवा, बाधा होत नाही."

मंजुळाबाईंनी सरळ नवऱ्याची पेटी उघडली आणि सर्वांत लाडका चाकू गोधडीखाली सरकवला.

"अवं, विळा ठेव न!" उकंडराव कळवळले.

"इतकं लोखंड घरात असून विळा कायले? तुमचा चाकू जल्मात पह्यल्यांदा कामाले येऊन राह्यला."

नात गोधडी सारखी ओली करी. उकंडरावांना गंजाची स्वप्नं पडू लागली. एका दुपारी बायका डुलक्या घेत असताना त्यांनी चाकू काढून घेतला आणि संग्रहातलाच दुसरा ठेवला: नुसती शिंगाची मूठ, पाती केव्हाच गळलेली.

पाचवीच्या सकाळी नातीचं अंग तापलं. मोताळ्याचे डॉक्टर औषध देऊन "उद्या बघू" म्हणाले. उकंडरावांचा असल्या लोखंडावर विश्वास नव्हता. हे त्यांनी स्वतःला ओट्यावर सांगितलं, गोठ्यात सांगितलं, विहिरीवर सांगितलं. कुठेच पटेना.

ते पेटी घेऊन आले आणि होते नव्हते ते सगळे चाकू गोधडीखाली रचू लागले.

"पोरीले न्हाव्याचं दुकान टाकून देता काय?" मंजुळाबाई म्हणाल्या.

"म्या... म्या लोखंड काढलं होतं."

मंजुळाबाईंनी उरलेले चाकू स्वतःच गोधडीखाली सरकवले. उभ्या संसारात त्यांनी पहिल्यांदाच त्या चाकूंना जपून हात लावला, आणि उकंडराव जास्तच घाबरले.

तेवढ्यात नातीने गोधडी ओली केली.

"भिजले तुमचे चाकू," मंजुळाबाई हळूच म्हणाल्या. "पुसून घेता?"

उकंडरावांनी नातीच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ तसंच तापलेलं होतं.

"राहू दे," ते म्हणाले. "गंजू दे सारे."