सासऱ्यांचं सीताफळ

माणसाची पारख करायला माझ्या सासऱ्यांना नाव-गाव लागत नाही, नुसती जीभ पुरते. त्यांच्याइतका सरळ माणूस मी पाहिला नाही, आणि त्यांनाच मी वर्षभर खोट्यात ठेवलं, हे आधीच सांगून टाकतो.

मामा एसटीत कंडक्टर होते. बारा गावचं पाणी प्यायले आणि त्यातल्या कुठल्या तरी गावाची आव पोटात घेऊन निवृत्त झाले. कन्नड गावाहून आमच्याकडे शहरात आल्यापासून एका वैद्यांचे उपचार चालू आहेत: कुड्याच्या सालीचा काढा, बेलाचा मुरंबा, जेवणानंतर ताजं ताक, आणि पाणी फक्त सुंठ घालून उकळलेलं. वैद्य अधूनमधून शौचाची तपासणीही करायला लावतात. नमुन्याची बाटली मामा पेढ्यांच्या खोक्यातून नेतात. एकदा रिक्षावाल्यानं विचारलं, ‘काय चाचा, खुशखबर?’ तर म्हणाले, ‘रिपोर्ट आल्यावर सांगतो.’ घरी कुणीही आलं की चहाआधी ‘जीभ काढा बरं.’ आमच्या साहेबांनीसुद्धा मुकाट काढली. ‘पांढरी हाय. रातीचं दही बंद,’ मामा म्हणाले, आणि साहेबांनी ते खरंच बंद केलं.

गेल्या वर्षी बिडकीनला लग्नाला निघताना मामांची पाण्याची बाटली भरायचं काम माझ्याकडे होतं. उशीर झाला होता. मी टाकीचंच पाणी भरलं, वर चिमूटभर सुंठ टाकली. पुढं पंधरा दिवस मामा अंथरुणाला खिळले. ‘वेगळं काय खाल्लं?’ वैद्यांनी विचारलं. मामांनी मान खाली घातली. ‘लग्नघरी अर्धं सीताफळ. चोरून.’ ते त्यांचं एकुलतं एक व्यसन. त्याच दिवशी त्यांनी ते सोडलं. मी शेजारच्या खुर्चीत गप्प बसून होतो.

यंदाचा हंगामही सरत आला. परवा शेजाऱ्यांनी टोपलीभर सीताफळं दिली. मामांनी एक उचललं, नुसतं हुंगलं आणि जपून परत ठेवलं. मग माझ्यानं राहवेना. बाटलीतलं पाणी कच्चं होतं, हे मी सांगून टाकलं.

त्यांनी ठेवलेलं सीताफळ पुन्हा उचललं.

‘म्हंजी सीताफळाचा काय गुन्हा नव्हता.’

‘नाही, मामा.’

‘एक आख्खा हंगाम गेला, जावईबापू. ह्या वयात लई शिल्लक नसतेत.’ मग म्हणाले, ‘जीभ काढा.’

मी काढली. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिली.

‘हं. आता बोला.’

मी सीताफळ फोडलं, मोठा अर्धा भाग त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणालो, ‘चुकलो, मामा. मला माफ करा.’