आर्व्हिल स्लोनचा रोजचा पंप

४ मार्च २०१९. ४१,२८६ डॉलर ५० सेंट.

आर्व्हिल स्लोन आदल्या वर्षात तीनदा आमच्या इस्पितळात दाखल झाला, त्याचा हा एकूण खर्च. विमा कंपनीशी आमचा करार ठोक रकमेचा असल्यामुळे वरचा सगळा बोजा इस्पितळावर पडला होता. हिशेब माझ्याकडे असतात, म्हणून तो कागदही माझ्याकडेच आला.

आर्व्हिल सहासष्ट वर्षांचा. केंटकीच्या या डोंगरांतल्या कोळशाच्या खाणीत, छत कोसळू नये म्हणून, त्याने एकोणतीस वर्षं छताला बोल्ट मारले. निम्मी फुप्फुसं धुळीने खाल्ली, उरलेल्यांत सिगारेटने हात मारला. असे बारा निवृत्त खाणकामगार मंगळवारी आणि गुरुवारी नेव्हा कॉर्नेटच्या श्वासाच्या वर्गाला येत. ती त्यांना सायकल मारायला लावी, वजनं उचलायला लावी, ओठ आवळून श्वास सोडायला शिकवी. वर्षाचा खर्च ३८,४०० डॉलर. संचालक मंडळाचं म्हणणं सरळ होतं: वर्ग चालू असूनही माणसं दाखल होतातच, मग वर्ग कशाला? सप्टेंबरअखेर फरक दाखवा, नाहीतर बंद करा.

दुसरा वर्ग डोंगरापलीकडे, दोन तासांवर. आर्व्हिलने सांगून टाकलं, "श्वास घ्यायला दोन तास गाडी हाकू? त्यापेक्षा इथेच मरतो, स्वस्तात."

मला एक गोष्ट खटकत होती. श्वासाच्या औषधाचा, रोज तोंडाने ओढायचा महागडा पंप तो दर महिन्याला न चुकता नेत होता. मग दाखल का होत होता? नेव्हा आणि मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने, ग्लेनाने, घेवड्याचं कालवण आणि मक्याचा पाव वाढला. नेव्हाने औषधं बघायला मागितली, तेव्हा आर्व्हिलने कपाटातून जुना जेवणाचा डबा काढला. त्यात अकरा पंप होते. एकाचंही सील तुटलेलं नव्हतं.

"काका, हे काय?"

"शिल्लक."

"अहो, हा सकाळ-संध्याकाळ ओढायचा असतो!"

"पोरी, तुझा बाप माझ्या जोडीला होता. विचार त्याला, कमरेचा डबा कुणी रोज उघडतं का?"

खाणीत प्रत्येकाच्या कमरेला प्राणवायूचा डबा असतो. तो आग लागली, धूर भरला तरच उघडायचा. उगाच उघडणाऱ्याची नोकरी जाते. आर्व्हिलने रोजचा पंपही तसाच जपला होता, श्वास संपेल त्या दिवसासाठी. तो दिवस आला की खिशातला उघडलेला एकुलता पंप ओढायचा. पण हळूहळू काम करणारं ते औषध तेव्हा उपयोगी पडायचं नाही आणि अँब्युलन्स बोलवावी लागायची.

"चार हजार डॉलरहून जास्त किमतीचं औषध कपाटात," नेव्हा चिडून म्हणाली, "आणि तुम्ही खाटेवर! याने श्वास परत येत नाही, काका. तो जाऊ नये म्हणून हा आहे."

आर्व्हिलने पंप हातात घेऊन दोन-तीनदा उलटसुलट केला.

"म्हणजे हा डबा नाही. हा बोल्ट आहे."

"म्हणजे?"

"छत धड दिसतं तेव्हाच मारायचा. दर चार फुटांवर. कोसळल्यावर मारून काय उपयोग?"

"मग अकरा महिने छताकडे बघत काय बसला होतास?" ग्लेना म्हणाली.

गुरुवारी वर्गात तो उभा राहिला. "कपाटात पंप साठवलेल्यांनी हात वर करा."

एकच हात वर आला.

"खोटारड्यांनो, मी तुमच्याबरोबर खाली होतो. ओळखतो तुम्हाला."

नऊ हात वर आले.

त्या दिवसापासून तो सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला एकेकाला फोन करू लागला. प्रश्न एकच: "बोल्ट मारला का?" कुणी शिव्या दिल्या, कुणी फोन आपटला, पण पंप सगळ्यांनी ओढले.

आदल्या वर्षी एप्रिल ते सप्टेंबर या बाराजणांना अकरा वेळा दाखल करावं लागलं होतं. यंदा दोनदा. एका वेळेचा सरासरी खर्च १२,९००, म्हणजे १,१६,१०० डॉलर वाचले. सहा महिन्यांचा वर्ग आणि वाढीव औषध मिळून खर्च ३५,१००. एका डॉलरमागे तीनपेक्षा जास्त परत आले होते. इतक्या वर्षांत इतक्या आनंदाने मी कुठलाच तक्ता छापला नव्हता.

आठ ऑक्टोबरला मंडळाची बैठक दुसऱ्या मजल्यावर होती. मी आकडे मांडले. आर्व्हिलला बोलवलं होतं, पण त्याचा पत्ता नव्हता. पाच मिनिटांनी तो दारात आला. चेहरा लाल झालेला, ओठ आवळलेले, पण पाय ठाम.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "मिस्टर स्लोन, लिफ्ट चालू आहे."

"ठाऊक आहे, बाईसाहेब. यांनी तुम्हाला आकडे दाखवले. मी जिना चढून दाखवला. मध्ये एकदाच थांबलो."

सगळे हात वर गेले. वर्ग तीन वर्षांसाठी मंजूर झाला. नेव्हाने त्याला घट्ट मिठी मारली, तसा तो ओरडला, "अगं, श्वास घेऊ दे!"

खाली उपाहारगृहात त्याने आम्हा सगळ्यांना ॲपल पाय आणि कॉफी मागवली. पाकीट घरी राहिलं होतं. बिल मी भरलं. त्याच्याकडून २२ डॉलर ६० सेंट अजून यायचे आहेत.