बालीला गेलेलं लुगडं

"काय गो पावनी, करमतंय का आमच्या गावान?"

नेरूळच्या होल्डिंग पाँडवर, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या तळ्याच्या काठी, सकाळी चालायला गेलं की हा प्रश्न ठरलेला. मला नवी मुंबईत येऊन वीस-बावीस वर्षं झाली. फ्लॅटचे हप्ते फिटले, मुलगा इथेच शिकून इथेच नोकरीला लागला, तरी शेजारच्या शिरवणे गावातल्या या मावशींच्या लेखी मी पाहुणीच. आणि पाहुणी म्हणजे काय, तर लाडाची! वालाच्या शेंगा असोत की सुके बोंबील, पहिला वाटा माझा.

मावशी आगरी. गुडघ्यापर्यंत आखूड, घट्ट कास मारलेलं नऊवारी लुगडं, पायात स्पोर्ट्स शूज. तुमच्याही ट्रॅकवर असं एखादं माणूस असेल. असेल तर सांभाळा बाबांनो.

आमच्या चालणाऱ्यांच्या ग्रुपने बालीची सहल ठरवली, तेव्हा मावशींनी एकच अट घातली. "लुगड्यात नेत असाल त येतंय. नायतर तुमचं तुमी जावा."

त्यांची सूनही सोबत येणार होती. ती बँकेत. पोरगी गुणी, पण सासूच्या उघड्या पोटऱ्यांची तिला लाज वाटायची. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "काकू, तुम्ही तरी समजवा ना. एअरपोर्टवर सगळे बघतील हो." तिने सासूसाठी तीन पंजाबी ड्रेस शिवून बॅगेत भरले. मावशींनी ते काढले नाहीत की घातलेही नाहीत. विमानात लुगडंच चढलं. सून दोन रांगा मागे जाऊन बसली.

बालीत उत्तरेकडे डोंगरात एक तळं आहे. जुन्या ज्वालामुखीच्या खोलगट पोटात साठलेलं पाणी, भोवती घनदाट जंगल आणि जंगलातून काठाकाठाने जाणारी पायवाट. सगळ्या सहलीत मावशींना हेच बघायचं होतं. "त्या पानीभोवती मी माझ्या पायान चालनार," असं त्या अख्ख्या शिरवण्यात सांगून आल्या होत्या. गाइडने समजावलं की इथे पूर्वी आग होती. मावशी म्हणाल्या, "आगीच्या जागी पानी? म्हंजे जाम थंड डोक्याचा झाला तुमचा डोंगर!"

पण वाट सुरू व्हायची ती काठावरच्या देवळातून, आणि तिथेच घोडं अडलं. दारातल्या पुजाऱ्याने मावशींच्या गुडघ्यांकडे बोट दाखवलं आणि एक लुंगीसारखं वस्त्र पुढे केलं. हे गुंडाळा, नाहीतर आत नाही.

"दुसऱ्याचा फडका मी नेसायची नाय," मावशी म्हणाल्या.

"आई, मी सांगत होते ना तुम्हाला!" सुनेच्या डोळ्यांत पाणीच आलं. "आता बसा बसमध्ये."

मावशींनी मला विचारलं, "काय म्हनतो त्यो?"

"गुडघे झाका म्हणतो. देवाचं दार आहे."

"यवरंच ना?"

त्या एका जाड झाडामागे गेल्या. आल्या तेव्हा लुगडं घोट्यापर्यंत! तेच लुगडं, तेच काठ, फक्त खोचलेलं सगळं सोडलेलं. "नऊ वार हाय. तुमच्या देवाला पन पुरल," त्या पुजाऱ्याला मराठीतच म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "हितं आपुन पावनी. पावन्यानं घरवाल्याचं ऐकावं." पुजाऱ्याने हसून हात जोडले आणि त्यांच्या कमरेला पिवळा पट्टा बांधला.

देऊळ ओलांडलं आणि मावशी पुन्हा झाडामागे. लुगडं पुन्हा गुडघ्यावर, आणि चालली की बाई तुरुतुरु पुढे! वाटेवर चिखल, मुळं, निसरडी पानं. माझ्या महागड्या ट्रॅक पँटचं पार पोतेरं झालं. सून तर दोनदा आपटली. दुसऱ्यांदा मावशींनीच तिला हात देऊन उठवलं, आणि मग सोडलाच नाही तो हात. तळ्यावर धुकं होतं, आणि त्या धुक्याच्या कडेने लुगडं आणि जीन्स हातात हात घालून चालली होती. खोटं कशाला बोलू, अभिमानाने माझा ऊर भरून आला. मावशी जिच्या कुणी नव्हत्या, ती मी गाइडला सांगत होते, "आमच्या आहेत त्या!"

हॉटेलवर परत आल्यावर सुनेने हळूच विचारलं, "आई, हे एवढं पटकन कसं हो नेसता?"

"जीन्सवरून बसत नाय गो, काढ ती पयली!" मावशींचा आवाज कॉरिडॉरभर.

मावशी गेल्या वर्षी गेल्या. झोपेतच, कुणाला त्रास न देता. मी शिरवण्याला पोचले तेव्हा आळीतल्या म्हाताऱ्या त्यांना शेवटचं लुगडं नेसवत होत्या, पार घोट्यापर्यंत. सुनेने त्यांचे हात बाजूला केले. स्वतः खाली बसली, निऱ्या घेतल्या, घट्ट कास मारली आणि लुगडं गुडघ्यावर आणलं. तिचा हात कुठेच अडखळला नाही.

"अगो, देवाच्या दारान चालली ती," एक म्हातारी कळवळून म्हणाली. "पाय झाक तिचं."

सून मान वर न करता म्हणाली, "दार आलं की त्या सोडतील आपलं आपण. आधी वाट चालायचीय त्यांना."