टीव्हीतल्या बाईंना लावलेलं कुंकू

घोडबंदर रोडच्या टॉवरमधल्या काकूंनी मला सांभाळून घेतलं, हे आधी सांगते. काय घडलं ते मागून.

शाळा सातवीत सुटलेली, गाव लातूरच्याही पुढं. काकूंच्या सोबतीला राहायचं काम मिळालं, पण महिनाभर बघून मग पक्कं करू, असं त्यांच्या मुलानं परदेशातून सांगितलेलं. हॉलमध्ये त्याचा कॅमेरा, तिकडून बघता-बोलता येणारा. त्याच्या धाकानं मी जांभईसुद्धा स्वयंपाकघरात जाऊन द्यायची.

संध्याकाळी काकू टीव्हीवर एका परदेशी गायिकेच्या जुन्या मैफली लावायच्या. ऑपेरा म्हणे. बाई कधीच्या वारल्या, पण नाव अजून जगभर. काळा झगा, खांद्यावर लाल शाल. पियानो सुरू झाला तरी गप्प उभ्या. मान खाली. मग हळूच डोळे वर, आणि ते असे, की माझी भेंडी चिरायची राहिली. गाता गाता कुणावर तरी संतापल्या, रडल्या, शाल मुठीत आवळून थरथरल्या.

ऐन नवरात्र. आमच्याकडं एवढं झालं की अंगात आलं, यात कुणाला शंका नसते. कुंकू लावायचं, पाया पडायचं आणि मनातलं पटकन विचारून घ्यायचं. मी देव्हाऱ्यातून कुंकू आणलं, बाईंच्या कपाळाला टेकवलं आणि विचारलं, "आई, माझं काम पक्कं होईल का?"

तेवढ्यात टीव्हीतलं दृश्य बदललं. कुंकू पियानोवाल्याच्या टकलावर!

कॅमेऱ्यातून मुलगा ओरडला, "आई! ही टीव्हीला काय फासतेय? उद्याच दुसरी बाई बघतो."

मी कुंकवाचं बोट पाठीमागं लपवलं.

काकू काठी टेकत उठल्या. आपल्या खांद्यावरची शाल सारखी केली. बोलल्या काहीच नाहीत. मान खाली. मग सावकाश डोळे वर करून सरळ कॅमेऱ्यात बघत राहिल्या.

"आई? नेट गेलं का? अगं, हललीस तरी चालेल... बरं, सॉरी. राहू दे तिला."

"कायमची," काकू म्हणाल्या.

मग माझ्याकडं वळल्या. "अगं, पूस तो टीव्ही. आणि पुढच्या वेळी मला विचारत जा. त्यांना मराठी येत नाही."

गावाकडं दोन खोल्या बांधल्या की काकूंना महिनाभर घेऊन जाणार आहे. त्यांचं सगळं मीच करीन, आत्ता करते तसंच. फक्त त्या महिन्याचा पगार घेणार नाही.