कुणी पीत नाही ते पाणी

“तुमच्या वस्तीतल्या हापशाचं पाणी तसंही कुणी पीत नाही. गवताला चालेल.”

आमच्या खात्याचे साहेब माझ्याकडे बघून बोलले. रागाने नाही. अडलेलं काम सुटल्यावर माणूस ज्या सुरात बोलतो, त्या सुरात. टेबलाभोवती सहा-सात जण होते. दोघं हसले. बाकीच्यांनी चहा घेतला. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या आणि मी मांडीवरची फाईल घट्ट धरून बसून राहिलो.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कामासाठी उस्मानाबादेला हेलपाटे घालणाऱ्या लोकांना आता दारातच साहेब मिळाले होते. साहेबांना बंगले हवे होते, त्यांच्या पाहुण्यांना विश्रामगृह हवं होतं. ते आमच्या गावच्या शिवारात, शहराला लागूनच उभं राहिलं. भिंती झाल्या, रंग झाला. समोर मात्र उघडाबोडका मुरूम. उद्घाटनाला मंत्री येणार, मुरूम बरा दिसत नाही, हिरवळ पाहिजे, असं ठरलं. त्या साली पाऊस आमच्याकडे फिरकला नव्हता. शेळ्यांना बाभळीचा पालासुद्धा पुरत नव्हता. अशात हिरवळीचं अंदाजपत्रक करायचं काम माझ्याकडे आलं. मी बांधकाम खात्यात नवा ओव्हरसियर होतो आणि गाव माझं होतं.

गाव माझं, म्हणजे गावाबाहेरची बौद्ध वस्ती माझी. तिथला पहिला डिप्लोमावाला मी. नांदेडला वसतिगृहात राहून, पातळ वरण पिऊन केलेला डिप्लोमा. नोकरीचा हुकूम आला त्या दिवशी मायने तो बाबासाहेबांच्या फोटोपुढे ठेवला होता आणि दिवसभर कुणाला हात लावू दिला नव्हता.

अंदाजपत्रक मी मन लावून केलं. माझं पहिलंच होतं. मुरूम उकरून काढणे. काळी माती आणून पसरणे. शेणखत. रोलर फिरवणे. हरळीच्या मुळ्या लावणे. हरळी लिहिताना हात थांबला. माझ्या मायचा जन्म दुसऱ्यांच्या रानातली हरळी खणून काढण्यात गेला. उन्हाळाभर कुदळ मारायची, ढेकळं फोडायची, एकेक मुळी वेचायची. तिच्या बोटांना नखं अशी राहिलीच नव्हती. आणि इथे तीच हरळी मजुरी देऊन लावायची होती.

घरी गेल्यावर मायला सांगितलं. वाटलं, हसेल.

“कोन खानार हाय ती?” तिने विचारलं.

“कुनीच न्हाई. बघायला लावायलेत.”

“बघायला,” ती म्हणाली आणि ज्वारीतले खडे काढत बसली.

सगळ्या बाबी बसल्या. अडली ती पाण्याची. नव्या हिरवळीला रोज पाणी लागतं. मी टँकर धरला होता, तोही लांबून आणायचा, कारण जवळ पाणी नव्हतंच. आकडा मंजुरीच्या वर गेला. साहेबांनी मातीला हात लावला नाही, रोलरला लावला नाही. पाण्याच्या ओळीवर लाल रेघ मारली आणि सगळ्यांना बोलावून घेतलं. तिथेच त्यांना आमचा हापसा आठवला.

आता त्या हापशाचं सांगतो. आधी आमच्या बायका गावच्या विहिरीवर घागर घेऊन उभ्या राहायच्या. दोराला हात लावायचा नाही. कुणाला दया आली तर वरून ओतणार, नाही आली तर उभं राहायचं. पुढे सरकारने वस्तीत बोअर पाडला, हापसा बसवला. पाणी गोड लागलं. माय पहिल्या दिवशी हापसतच राहिली. घागर भरून वाहायला लागली तरी थांबेना. कुणाकडे तोंड वर करून बघावं लागलं नाही, एवढाच तिचा आनंद होता.

दुष्काळात गावच्या विहिरी आटल्या. आमचा हापसा चालू राहिला. तरी गाव आमच्या पाण्याला आलं नाही. गावाने टँकर मागवला, तो आटलेल्या विहिरीत ओतून घेतला, आणि ते प्यायलं. गुरं मात्र आमच्याकडे पाठवली. आमच्या बायका हापसायच्या आणि गावची गुरं प्यायची. बैलाला आमचं पाणी चालायचं. बैलाच्या धन्याला नाही.

सरपंचाने खात्याला लिहून दिलं होतं, की सदर हापशाचं पाणी गाव वापरत नाही. त्यात खोटं काही नव्हतं. गाव खरंच वापरत नव्हतं. आणि आम्हाला कुणी गावात धरतच नव्हतं.

साहेबांनी मला समजावून सांगितलं. हापसा काढायचा, मोटार बसवायची, पाईप विश्रामगृहापर्यंत आणायचा. टँकरचा खर्च वाचला. पाण्यापुढे लिहायचं, ‘सदर विंधन विहीर वापरात नाही.’ खाली माझी सही. त्यांनी स्वतःचं पेन पुढे केलं.

“साहेब, आमची सगळी वस्ती तेच पाणी पिते.”

“तुमच्या लोकांना देऊ की एक नळ. तासभर सोडू. लिहा.”

पेन तसंच समोर होतं. ते वाक्य लिहिलं असतं तर माय नाही, सगळी वस्तीच नाही, असं मी माझ्या हाताने लिहून दिल्यासारखं झालं असतं.

“मी हे लिहिणार नाही.”

कुणी हसलं नाही. साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

“राखीव जागेवरून खुर्ची मिळते,” ते म्हणाले. “अक्कल मिळत नाही.”

मी उठलो. फाईल टेबलावर ठेवली आणि बाहेर आलो. शौर्य वगैरे काही नव्हतं. साधी भीती होती, आणि भीतीच्या खाली राग.

शेजारच्या टेबलावरच्या ओव्हरसियरने ते वाक्य लिहून दिलं. भला माणूस. माझ्याकडे न बघता त्याने सही केली. मला घरी बसवलं आणि पगार बंद झाला. वस्तीतला हापसा उखडला, मोटार बसली. अडवायला गेलेल्या आमच्या माणसांना पोलिसांनी जीपमध्ये घालून नेलं आणि संध्याकाळी सोडलं. नळ शेवटपर्यंत आला नाही.

हरळी लावायला मजूर हवे होते. माय कामावर निघाली. मी दारात आडवा उभा राहिलो.

“तू न्हाई म्हनलं ते बरं केलं,” ती म्हणाली. “पर घरात पीठ न्हाई. हो बाजूला.”

आणि ती गेली. जन्मभर उपटलेलं गवत तिने ओळीत टोचलं आणि आमचंच पाणी पाईपने त्यावर सोडलं.

हिरवळ धरली. मंत्री आले, पायऱ्यांवरून बघून आत गेले. जेवले, निघाले. त्यानंतर काही दिवसांतच मोटार चिखल ओढायला लागली, मग नुसती गरगरायला लागली. बोअर संपला. हिरवळ पिवळी पडली तेव्हा कुणी चौकशीला आलं नाही. ज्याच्यासाठी ती लावली होती, तो तर येऊन गेला होता.

आमच्या बायका पुन्हा गावच्या विहिरीवर गेल्या. मी पाहिलं. माय घागर घेऊन बाजूला उभी. टँकर येऊन गेला होता, गावची भांडी भरून होईपर्यंत ती तशीच उन्हात उभी. मग पाटलाच्या घरची बाई आली आणि तिने हात उंच धरून वरून पाणी ओतलं. अर्धं घागरीत गेलं, अर्धं मायच्या हातांवरून मातीत. मायने तोंड वर केलं नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात खात्याचा कागद आला. वरिष्ठांचा आदेश का पाळला नाही, खुलासा करा. मी एक ओळ लिहून पाठवली. कागद परत आला. सविस्तर लिहा, माफी मागा, तर बिलोलीकडे कुठेतरी जागा बघू. घरात पीठ नव्हतंच. मी कोरा कागद घेतला आणि तीच ओळ पुन्हा लिहिली.

पाणी परत येणार नाही. नोकरीही बहुतेक येणार नाही. या ओळीने कुणाचं काही बिघडणार नाही, हेही मला कळतं. पण त्यांच्या फायलीत एक खोटं वाक्य आहे आणि त्याच फायलीत माझं खरं वाक्य राहील. ते पुन्हा विचारतील, मी पुन्हा हेच लिहीन. माफीचा एक शब्द लिहिणार नाही.

त्या हापशाचं पाणी माणसं पीत होती.