टायरमधली माती

शेजारच्या सुहासरावांच्या हॉलमध्ये, भिंतीवरच्या दोन हुकांना डोंगरात चालवायची एक जुनी सायकल टांगलेली आहे. कार्बनच्या सांगाड्याच्या अगदी पहिल्यावहिल्या सायकलींपैकी ती. आता अशी शोधूनही मिळत नाही. दर रविवारी ते तिला पुसतात, हवा भरतात आणि माठ घेताना वाजवून बघतात तशी नळी न् नळी बोटाने वाजवतात. कार्बनला आतून तडा गेला तर बाहेरून दिसत नाही म्हणे. टायरच्या खाचांतली माती मात्र काढत नाहीत. ती मूळची आहे.

“आवाज तर खणखणीत येतोय. एकदा टेकडीवर नेऊन आणा की,” मी म्हटलं.

“छे हो. मोडली तर दुसरी कुठून आणू?”

बायपासनंतर मलाही घरात सगळे असेच जपतात. डॉक्टर छातीला नळी लावून म्हणतात, ठोके उत्तम आहेत. टेकडी तरीही मी खिडकीतूनच बघायची.

सुहासराव चहा सांगायला आत गेले, तेव्हा मी हात वर करून पेडल फिरवलं. मागचं चाक टिकटिकत हवेतल्या हवेत बराच वेळ फिरलं. कुठल्याशा डोंगराचं एक वाळलेलं ढेकूळ सुटून फरशीवर पडलं.

सुहासराव परत आले. त्यांनी ते उचललं आणि अंगठ्याने पुन्हा खाचेत दाबून बसवलं.